लाल रेशमावरची पाखरं

आधीच सांगून ठेवते, या वहीत चुका असतील. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला शाळेतही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षराचं म्हणाल तर ओळ वहीच्या रेघेवर सुरू होते आणि संपेपर्यंत खाली घसरलेली असते. ही वही नातीची. पुढची पानं तिच्या गणितानं भरली आहेत, मागची कोरी होती ती मी घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कुणाच्या हाती लागलीच तर अक्षराला खुशाल नावं ठेवा, मजकूर मात्र खरा आहे.

गेल्या आठवड्यात सुनेनं माझी पेटी उपसली. नव्या घरात हॉलच्या भिंतीवर काही तरी जुनं, कलाकुसरीचं लावायचं तिच्या मनात आहे. तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते कापड तिला सापडलं. पलंगावर पसरून ती बघतच राहिली. “आई, हे कुठलं हो? एवढं बारीक काम. पण वरचे हे राघू कुणी काढले? बाकी सगळं कसलं सुंदर आहे, आणि हे राघू असे चिकटवल्यासारखे.” मी कापड पुन्हा गुंडाळलं आणि पेटीत ठेवून कडी लावली. तिला वाटलं सासूबाई रागावल्या. मी रागावले नव्हते. तोंडानं सांगणं मला आयुष्यात कधी जमलं नाही, आणि जे झालं तेही त्यामुळंच झालं. म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही छावणीच्या मागं नाल्याच्या काठाला राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं वावभर अंगण. पहाटे लष्कराचा बिगुल वाजला की वस्तीत एकेका घरातून भाकरी थापल्याचे आवाज सुरू व्हायचे, कुणाचा हात जड, कुणाचा हलका, आवाजावरून ओळखू यायचं आज कोणत्या घरात बाई आजारी आहे आणि पोरगी थापतेय. आमच्याकडं सकाळी भाकर आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचं ते मसाल्याचं पीठ माय वर्षाचं करून ठेवायची, पाण्यात कालवून चुलीवर उकळी आली की झालं कालवण. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली कंदील. दुसरं कुठलंही चित्र, कुठलाही देव, दृष्टीची काळी बाहुली, लिंबू-मिरची, असलं काही दादांनी घरात येऊ दिलं नाही. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा पाचोडकडच्या आमच्या गावात घरातले सगळे देव त्यानं टोपल्यात भरून विहिरीत टाकले होते. ती गोष्ट दादा सणासारखी सांगायचे.

माय छावणीतल्या एका बंगल्यात धुणं-भांड्याला जायची. बंगला म्हणजे बैठं कौलारू घर, पुढं व्हरांडा, मागं चिंच. लष्करातल्या एका डॉक्टरांचं ते घर, पण डॉक्टर वारून बरीच वर्षं झालेली. मागं राहिल्या त्यांच्या बाई, त्यांना सगळे डाक्टरीणबाई म्हणायचे, आणि त्यांची एकुलती मुलगी शीलाताई. पुढची शाळा लांब म्हणून माझं नाव काढलं तेव्हापासून मीही मायबरोबर जायला लागले. माय भांडी घासायची, मी विसळायची. त्या घरात डांबराच्या गोळ्यांचा आणि भाजलेल्या पावाचा वास असायचा. बाई कमी बोलायच्या, पण चहा देताना कप वेगळा ठेवला नाही, हे माय घरी आल्यावर दादांना मुद्दाम सांगायची.

ते कापड शीलाताईंच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर होतं. माझ्या उंचीएवढं लांब, वर-खाली लाकडी दांडी, मागून सुती अस्तर. बाईंचे सासरे पलटणीबरोबर चीनला गेले होते, त्यांनी तिकडून आणलेलं. लाल रेशीम, पण खिडकीतून येणाऱ्या उन्हानं जुन्या विटेच्या रंगाचं झालेलं. त्याच्यावर खाली मोठमोठी गुलाबासारखी फुलं, मध्ये वाकडं झाड, झाडाला फळं, झाडाखाली दोन पांढरे सारस, आणि अगदी वर, कमानीसारखी, पाच निळी पाखरं. सगळं सुईनं केलेलं. पहिल्या दिवशी मला ते रंगवलेलं वाटलं होतं. मी ओले हात पाठीमागं धरून बघत उभी राहिले, आणि शीलाताई पलंगावरून म्हणाल्या, “जवळ जा. हात पुसून बोट लाव. काही होत नाही.” बोटाला सारसाची मान लागली. प्रत्येक पीस वेगळं लागलं.

त्यांनीच मला सुई धरायला शिकवली. रेशमाचा एक दोरा घ्यायच्या आणि नखानं त्याचे पदर सोडवत न्यायच्या, दोन, चार, आठ, शेवटी हातात काही आहे की नाही ते उजेडात धरल्याशिवाय दिसायचं नाही. “तिकडच्या बायका असल्या एकेका पदरानं भरतात. आणि मागची बाजू पुढच्यासारखीच. गाठ दिसली की काम वाया.” मी भरलेली पहिली पानं त्या उलटी करून बघायच्या आणि काही न बोलता परत द्यायच्या. वर्षभरानं एकदा उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “हं.” त्या एका हुंकारावर मी नाला ओलांडून घरी पळत गेले.

दुपारी भांडी आवरली की त्या मला कापडाचा अर्थ सांगायच्या. “हे नुसतं शोभेचं नसतं वच्छे. घराला जे हवं असतं ते तिकडची माणसं भिंतीवर भरून लावतात. ही फुलं म्हणजे भरभराट. सारस म्हणजे दीर्घायुष्य. हे पेरूसारखं फळ खाल्लं तर माणूस म्हातारा होत नाही म्हणे.” असं खालून वर जात चाललं होतं. वरच्या पाच पाखरांपर्यंत पोचायच्या आधी त्यांना ठसका लागला आणि बाई औषध घेऊन आल्या. पुढं ते राहूनच गेलं. मला वाटायचं, ही पाखरंच, चिमण्या किंवा तसलं काही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी कधीच काही विचारायची नाही, नुसती मान हलवायची, आणि लोक म्हणायचे किती गरीब पोर आहे.

शीलाताईंच्या काळजाची झडप बिघडली होती. आधी व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना धाप, मग चालताना, मग बसल्या जागी. पाय सुजून चपला होईनात. आडवं झोपलं की श्वास कोंडायचा, म्हणून तीन उशा लावून बसून झोपायच्या. मुंबईला ऑपरेशन होतं, पण त्याचा खर्च त्या घराच्या आवाक्यातला नव्हता. घर भाड्याचं, पेन्शन तुटपुंजी. विकून एवढी रक्कम येईल अशी एकच वस्तू होती. मुंबईहून जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला, कापडासमोर पाऊण तास बसला, भिंग लावून बघितलं, आणि चार हजार देतो म्हणाला. दसऱ्यानंतर पैसे घेऊन येतो, तोवर कडेचा सुटलेला कलाबतूचा सोनेरी धागा आणि एका फुलाच्या दोन पाकळ्या पक्क्या करून ठेवा, नेताना ओढल्या जातील, असं सांगून गेला. दिवाळीच्या आत ऑपरेशन व्हायचं ठरलं. शीलाताईंचे हात सुजलेले, सुई धरवत नव्हती. त्या बाईंना म्हणाल्या, “वच्छीला द्या. माझ्यापेक्षा तिचा हात बारीक आहे.” बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

त्याच आठवड्यात पाचोडहून आत्या आली. मायला ताप होता, म्हणून दोन दिवस आत्या माझ्याबरोबर बंगल्यावर भांड्यांना आली. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, बोलायला फाटकी, मनानं घाबरट. कापड भिंतीवरून काढून व्हरांड्यात चटईवर पसरलं होतं, मी कलाबतू टाचत होते. आत्या पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि मागं सरकली.

“आगं बया. ह्ये कुणाच्या खोलीत व्हतं?”

“शीलाताईंच्या.”

“उशाला?”

“समोर.”

“आन मंग बरी व्हईल कशी ती?” तिनं वरच्या पाखरांकडं बोट केलं, पण लावलं नाही. “ही पाखरं न्हवंत. कान बघ. पंखाला नखं बघ. वटवाघळं हायेत ही, पाच. पाटलाच्या माडीत दोनच शिरली व्हती, वर्सात माडी ओस पडली, आज तिथं कुत्रं बी नाय. हितं तर टाचून ठिवलीत. आधी डाक्टर गेला, आता पोरगी चालली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुझ्या बापाला सांगू नको मी काय बोलले त्ये. त्याला असलं चालत नाय.”

एकदा वटवाघूळ म्हटल्यावर मला त्यांच्यात दुसरं काही दिसेना. निळे पंख, बारीक कान, वाकडी नखं. शीलाताई रोज सकाळी डोळे उघडायच्या ते त्यांच्यावर. मागच्या चिंचेवर संध्याकाळी वटवाघळं चिरकायची तेव्हा मी आतून त्यांचा श्वास ऐकायची. बाईंना विचारायचं मनात आलं, शीलाताईंनाच विचारायचं मनात आलं. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. आजारी माणसाला तुझ्यासमोर मरण टांगलंय असं कसं म्हणायचं? आणि बाई उरलेल्या पैशांची तजवीज करायला भावाकडं जालन्याला गेल्या होत्या, दोन दिवसांसाठी. मायला बरं वाटून ती कामावर आली होती, पण ती मागं धुण्यात. शीलाताईंना औषधानं झोप लागायची. व्हरांड्यात मी एकटी होते.

आज वाटतं, कापड तर विकलंच जाणार होतं. वटवाघळं मुंबईला गेली असती आपसूक. पण मला वाटलं, ज्या पैशानं त्यांचं काळीज कापणार ते पैसे या पाखरांचे नकोत. चौदा वर्षांच्या डोक्यात हे असंच्या असं आलं, दुसऱ्या कुणी घातलं नाही. आत्यानं फक्त नाव सांगितलं. कात्री माझ्या हातात होती.

उसवणं सोपं असतं म्हणतात. ते खोटं आहे. एकेका पंखात केसाएवढे शेकडो टाके, एकमेकांच्या पोटात शिरलेले. मी नखं कापायच्या लहान कात्रीनं आणि सुईच्या टोकानं ते एकेक उचलत होते. पहिलं वटवाघूळ निघालं. खालचं रेशीम लालभडक होतं. बाकीचं सगळं कापड ऊन खाऊन विटलेलं, आणि पाखराच्या पोटाखाली पहिल्या दिवसाचा लाल रंग तसाच झाकून राहिला होता. निळं वटवाघूळ गेलं आणि त्याच जागी, कानांसकट, नखांसकट, लाल वटवाघूळ उभं राहिलं. आधीपेक्षा ठळक. तिथं थांबायला हवं होतं. मला वाटलं, हे जातच नाहीत म्हणजे आत्याचं खरं आहे. मी पाचही काढली.

मग त्या लाल जागा झाकायला मी राघू भरले. आमच्या वस्तीत दारावरच्या मण्यांच्या तोरणात राघू असतात, शुभ म्हणून असतात की हिरवा रंग उठून दिसतो म्हणून, ते कुणी विचारत नाही. गुलमंडीच्या बाजारातून आणलेला हिरवा दोरा होता, चोचीला लाल. वटवाघळाचे पंख रुंद, म्हणून राघूही जाड भरावे लागले, शेपट्या पसरून. हिरवा दोरा नवा, चकचकीत. त्याचे मी चारच पदर करू शकले. घाईत मागं गाठी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच राघू झाले. कापड पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि नाडीनं बांधून ठेवलं. बाई जालन्याहून आल्या, विचारलं, “झालं का गं?” मी मान हलवली.

व्यापारी आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात मायच्या मागं उभी होते. माय चहाचा ट्रे धरून. बाईंनी स्वतः नाडी सोडली, कापड टेबलावर पसरलं. फुलं आली, सारस आले, झाड आलं, आणि मग वरचा भाग उलगडला. व्यापाऱ्यानं भिंग काढलं, मग परत खिशात ठेवलं.

“मैडम, ये तोते किसने बिठाये?”

बाईंना आधी काही कळलंच नाही. त्या कापडाकडं बघत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

“मैं तो इन पाँच चमगादड़ों के लिए आया था. यही तो जान थी इसकी. चीन में ये बरकत हैं. लंबी उम्र, सेहत, सब इन्हीं पाँच में है.” त्यानं अस्तराचा सैल कोपरा उचलून मागची बाजू वर केली. “और ये देखिए. गाँठें.” कलाबतूचे म्हणून दोनशे देईन म्हणाला. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. तो चहा पिऊन गेला. कप बशीत नीट ठेवून गेला, ते मला अजून आठवतं.

“हे कोणी केलं?” बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. मायनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

“का?”

मी मान खाली घातली. तेवढंच मला यायचं.

आतून शीलाताईंनी हाक मारली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी पलंगाजवळ गेले. “मला विचारायचंस ना गं,” त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडून निघालं, इतक्या हळू की त्यांना पुढं वाकावं लागलं, “तुम्ही जाल म्हणून काढली.” त्या हसल्या, हसण्यातून ठसका लागला, ठसक्यातून श्वास लागला, बाई धावत आल्या आणि मी भिंतीला सरकले. श्वास जागेवर आल्यावर त्या डोळे मिटून म्हणाल्या, “राघूंना गाठी राहिल्या म्हणे. चोच तरी नीट काढलीस का?” ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. बाईंनी मायला महिन्याचा पगार दिला आणि उद्यापासून येऊ नको म्हटलं.

रात्री दादा जेवले नाहीत. मला वाटलं मारतील. मारलं नाही.

“कुणी सांगितलं तुला?”

आत्या कोपऱ्यात रडायला लागली, तेव्हा त्यांना कळलं.

“तुझ्या आज्यानं देव हिरीत टाकले तवा गावानं आपलं पाणी तोडलं,” दादा म्हणाले. “दोन उन्हाळे माझी माय कोसभरावरून पाणी आणायची. ते सोसलं आमी. आन तू एका पाखराला भेलीस.” मग कंदिलाची वात खाली केली. “चार हजार. आपलं देणं हाय त्ये.”

माय म्हणाली, “येडं झालासा काय? त्यांनी मागितलंय का?”

“मागितलं नाय म्हून तर द्यायचं.”

बाईंनी बांगड्या मोडल्या, डॉक्टरांचं घड्याळ, जेवणाचं टेबल, शिवणयंत्र विकलं. भावानं थोडे दिले. पैसे जमेपर्यंत दिवाळी गेली, संक्रांत गेली, ऊन तापायला लागलं. मायलेकी मुंबईला निघाल्या त्या दिवशी दादा मोंढ्यात गेले नाहीत, एवढंच मला आठवतं. ते कुठं गेले होते हे त्यांनी फार वर्षांनी सांगितलं, कमरेवर पोतं पडून ते खाटेला लागल्यावर. स्टेशनवर गेले होते. शीलाताईंना पायऱ्या उतरवत नव्हत्या, खुर्चीत बसवून डब्यापर्यंत न्यायला हमाल लागला, ते पुढं झाले. बाईंनी ओळखलं. “पोरगी हालकी व्हती गं,” दादा म्हणाले. “तुरीच्या अर्ध्या पोत्याएवढी बी न्हाय.”

तीन आठवड्यांनी बाई एकट्याच परत आल्या. शेजारच्या बंगल्यातल्या कामवालीनं मायला सांगितलं, मुंबईचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या सुमारास आणायला हवं होतं. आणलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण दिवाळीला मी पणती लावते तेव्हा अजून हात थांबतो.

पुढच्या पहिल्या तारखेला दादा वीस रुपये घेऊन बंगल्यावर गेले. मला बरोबर नेलं. बाई दारात आल्या, म्हणाल्या, “पैसे नकोत मला. माझ्यासमोर येऊ नका.” दार लागलं. दादांनी नोटा व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवल्या, वर दगड ठेवला आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा कठड्यावर दगडाखाली एक लहान वही होती. तिच्यात बाईंच्या हातानं तीनदा वीस लिहिलं होतं, तिसरे वीस आम्ही अजून द्यायचे होते तरी. दादांनी नोटा वहीत ठेवल्या. घरी येताना ते पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले, छावणीच्या बाजारातून मला पेरू घेऊन दिला. मी तो खाल्ला नाही.

असं चौदा वर्षं चाललं. दादा खाटेला लागल्यावर मी नेऊ लागले, शेवटची पाच वर्षं वीसचे तीस करून. शहरात हिमरूच्या शाली विणतात, त्यांच्या टोकाच्या सुट्या दोऱ्यांच्या दशा वळायचं काम घरी आणायची, शंभर दशांना ठरलेले पैसे. भरतकामाची सुई पुन्हा धरली नाही. लग्न ठरताना दादांनी मुलाकडच्यांना बैठकीतच सांगितलं, “पोरीच्या डोक्यावर देणं हाय, ती फेडणार.” सासूबाई पुढं कित्येक वर्षं म्हणायच्या, “लोकाच्या पोरी सोनं आणतात, हिनं हप्ता आणला.” नवरा रिक्षा चालवायचा, तो महिन्याच्या पहिल्या तारखेला छावणीकडची सवारी घ्यायचा आणि मला बंगल्याच्या कोपऱ्यावर सोडायचा. दादा वारले त्या महिन्यातही कठड्यावर पैसे गेले. त्या वेळी वहीत आकड्याच्या खाली एकच शब्द लिहिलेला होता, “कळलं.”

शेवटच्या हप्त्याला मी गेले तेव्हा माझी धाकटी कडेवर होती. कठड्यावर वही नव्हती. दार उघडं होतं. आतून बाई म्हणाल्या, “ये.” चौदा वर्षांत पहिल्यांदा मी आत गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास तोच. बाईंचे डोळे गेले होते, मोतीबिंदू पिकून निकामी झालेले. त्यांनी नोटा हातात घेतल्या, बोटानं एकेक चाचपली.

“हे धरून चार हजार,” त्या म्हणाल्या. “मी हिशेब ठेवला आहे. आता ते कापड तुझं. किंमत दिलीस, ते घेऊन जायचं.”

“नको,” मी म्हटलं. “राहू द्या इथंच.”

“कुणासाठी? मला दिसत नाही. आणि जिला दिसत होतं तिला जाऊन...” त्या थांबल्या. “काढ ते.”

कापड शीलाताईंच्या खोलीतच होतं, पलंगासमोर. त्या सगळ्या वर्षांत ते तिथंच लटकत होतं, राघूंसकट. मी मुलीला पलंगावर बसवलं, स्टुलावर चढून दांडी खिळ्यावरून काढली. मागची भिंत बाकी भिंतीपेक्षा पांढरी निघाली, कापडाच्या आकाराची, कोऱ्या चुन्यासारखी. मी तिच्याकडं फार वेळ बघू शकले नाही. मुलगी राघूंकडं बोट करून हसायला लागली. बाईंनी दारातून विचारलं, “कशाला हसते ती?”

“राघूंना,” मी म्हटलं. मग थांबून म्हटलं, “चोच नीट आलीय.” एवढं बोलायला मला चौदा वर्षं लागली.

टेबल नव्हतं, ते विकलेलं. त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन दिलं. “माझ्यानं ओळ धरवत नाही. तू लिही, मी सही करते.”

मी लिहिलं. चौथीनंतर कुणासाठी तरी लिहिलेली ती माझी पहिली ओळ. ती रेघेवर सुरू झाली आणि खाली घसरली. सगळे पैसे मिळाले, काही देणं राहिलं नाही. बाईंनी बोटानं माझ्या ओळीचा शेवट शोधला आणि त्याच्याखाली सही केली.